थंडीत बॉल कमी जातो तेव्हा: खारघरच्या पहाटेपासून दिल्लीच्या धुक्यापर्यंत

प्रश्न घणसोलीच्या एका गृहस्थांचा आहे. वय 58, हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) 20 च्या आसपास, रक्तदाबाची गोळी रोजची. शनिवार-रविवार खारघरला सकाळी अगदी लवकर गोल्फ खेळायला जातात. ते लिहितात, मे महिन्यात माझा 7 आयर्न (लोखंडी डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) 135 यार्ड जातो, आणि आता डिसेंबरात सव्वासातला त्याच होलवर 120 च्या पुढे सरकत नाही. जोर लावला की बॉल उजवीकडे फाकतो आणि संध्याकाळी मनगट ठणकतं. जानेवारीत मुलाकडे दिल्लीला जायचंय, तिथे सहा-सात अंशांत खेळावं लागेल. कपडे कोणते घ्यावेत, बॉल बदलावा का, आणि हे 15 यार्ड परत कसे मिळवायचे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. त्या 15 पैकी चार-पाच यार्ड परत मिळणार नाहीत. ते हवेने आणि बॉलने घेतलेत आणि मार्चपर्यंत ते तसेच राहतील. उरलेले दहा तुमच्या अंगातून गेलेत, आणि त्यातले बरेचसे परत येतात. पण जोर लावून नव्हे. गेली 22 वर्षं मी नवी मुंबईत गोल्फ शिकवतोय, आणि हिवाळ्यात माझ्याकडे दुखरं कोपर, मनगट किंवा बरगडी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गोष्ट एकच असते: बॉल कमी गेला, म्हणून पुढचा जोरात मारला.

आधी हवेचं बघू. हवा थंड झाली की दाट होते. समुद्रसपाटीला 33 अंशांत एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.15 किलो भरतं, 15 अंशांत 1.225, आणि 6 अंशांत 1.26 च्या थोडं वर. म्हणजे मेच्या दुपारपेक्षा डिसेंबरच्या सकाळी तुमचा बॉल सहा टक्के जास्त दाट हवेतून वाट काढतो, आणि दिल्लीच्या थंडीत जवळजवळ दहा टक्के. अंतर मात्र सहा किंवा दहा टक्क्यांनी कमी होत नाही, कारण दाट हवेत बॉलच्या फिरकीला वर उचलणारा आधारही जास्त मिळतो. म्हणून थंडीतला आयर्न थोडा उंच चढतो आणि लवकर खाली येतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबच्या, बाबतीत हिशेब असा धरा की तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की नुसत्या हवेमुळे एक ते दोन यार्ड जातात. 7 आयर्नवर त्याहून कमी.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडे फार पसरलाय. लोक म्हणतात, मुंबईची दमट हवा जड, म्हणून बॉल जात नाही. उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे मेची घामट हवा डिसेंबरच्या कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते. मेमध्ये जड होतो तो आपला घामाने भिजलेला ग्लोव्ह आणि आपला जीव.

आता बॉल. बॉलचं पोट रबराचं असतं, आणि रबर गार झालं की त्याची उसळी कमी होते. क्लब लागल्यावर बॉल दबतो आणि परत फुलतो, ते फुलणं थंडीत आळसावतं. बॉलची अधिकृत चाचणी साधारण 24 अंशांना होते. रात्रभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत बॅग राहिली असेल, तर सकाळी तुम्ही त्यापेक्षा आठ-दहा अंशांनी गार बॉल मारत असता. आणि रबर उष्णता फार हळू घेतं. वरून हात लावला तर कोमट लागेल, पण आतला गाभा गार तो गारच. तेव्हा पहिली सोपी गोष्ट ही करा: बॅग आदल्या रात्री घरात आणा. अख्खी बॅग आणायला जागा नसेल तर निदान बॉलची पिशवी आणि ग्लोव्ह आणा. दिल्लीत तर हे चुकवूच नका.

पण इथून पुढे जाऊन बॉल तापवू नका. गरम पाण्यात घालणारे, गाडीच्या हीटरसमोर धरणारे, खिशात हॅन्ड वॉर्मरला चिकटवून ठेवणारे मी पाहिलेत. मुद्दाम तापवून गुणधर्म बदललेल्या बॉलने फटका मारला तर गोल्फच्या नियम 4.2 प्रमाणे खेळाडू थेट स्पर्धेतून बाद होतो. दोन फटक्यांचा दंड नव्हे, बाद. हात गरम ठेवायला हॅन्ड वॉर्मर खुशाल वापरा, फक्त बॉल दुसऱ्या खिशात ठेवा.

बॉल बदलावा का? माझं मत, नको. थंडीत मऊ, कमी कॉम्प्रेशनचा बॉल हाताला बरा वाटतो हे खरं, आणि बोटं दुखत असतील तर तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. पण तो जास्त जाईल म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा. दोन यार्डांच्या आशेने चिपिंग (होलजवळचे छोटे फटके) आणि पटिंग (बॉल घरंगळवत होलात टाकणं) यांतली सगळी सवय मोडते. रंग मात्र जरूर बदला. धुक्यात आणि सुकलेल्या पिवळट गवतावर पांढरा बॉल हरवतो. त्याच मॉडेलचा नारिंगी किंवा भडक पिवळा मिळाला तर दिल्लीला डझनभर घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट, तुमचं अंग. क्लबच्या डोक्याचा वेग ताशी एक मैलाने कमी झाला तर ड्रायव्हरचे साधारण अडीच यार्ड जातात. हा आकडा लक्षात ठेवा. जाड स्वेटर घातला, खांदे आखडले, कंबर अर्धीच वळली, तर तीन-चार मैलांचा वेग कधी गेला ते कळतही नाही. हवेने महिनाभर मेहनत करून जेवढं नेलं नसतं तेवढं एका स्वेटरने नेलं. तुमच्या 7 आयर्नचे हरवलेले दहा यार्ड तिथे आहेत. आणि काही यार्ड बॉल मधोमध न लागण्यात आहेत, कारण गार बोटांना क्लबचं डोकं कुठे आहे हेच नीट कळत नाही.

बोटांबद्दल जरा सविस्तर सांगतो. थंडीत शरीर सगळ्यात आधी हातापायांचं रक्त कमी करतं, पोटाकडे वळवतं. बोटं बधिर झाली की माणूस नकळत ग्रिप आवळतो, कारण क्लब हातात आहे याची त्याला खात्री वाटत नाही. ग्रिप आवळली की मनगटापासून कोपरापर्यंतचा स्नायू ताठ होतो. तो ताठ झाला की मनगट वेळेवर सुटत नाही, क्लबचं तोंड उघडं राहतं, आणि बॉल उजवीकडे फाकतो. तुमचा स्लाइस असा तयार होतो. तुम्ही त्याला स्विंगचा दोष समजून टीव्हीवरचे ड्रिल करत बसलात तर जानेवारी संपेल. दोष बोटांच्या टोकाला आहे. एक चाचणी करा. पुढच्या रविवारी पहिल्या टीवर (होल सुरू होतो त्या जागेवर) क्लब धरा आणि डाव्या हाताच्या नखांकडे बघा. नखं पांढरी पडली असतील तर तुम्ही फार आवळलंय. ग्रिप इतकी सैल करा की नखं परत गुलाबी होतील. मग मारा.

हे मला पुस्तकातून नाही, बरगडीतून कळलं. 13 वर्षांपूर्वीची डिसेंबरची सकाळ. मी उशिरा पोहोचलो, गाडीतून उतरून थेट टीवर गेलो, आणि समोर नवीन विद्यार्थी उभा होता म्हणून पहिलाच ड्रायव्हर जीव तोडून मारला. फटका चांगला गेला. डाव्या बाजूला आत काहीतरी तटकन झालं तेवढं जाणवलं. दुसऱ्या होलपर्यंत दीर्घ श्वास घेता येईना. बरगड्यांमधला स्नायू ओढला गेला होता. सहा आठवडे क्लब हातात घेतला नाही, शिकवण्या बंद, आणि शिंक आली की डोळ्यांत पाणी. तेव्हापासून माझा नियम आहे की अंग तापल्याशिवाय ड्रायव्हरचं कव्हर काढायचं नाही, टीवर कितीही लोक वाट बघत असोत.

अंग तापवणं म्हणजे दोन वेळा हवेत क्लब फिरवणं नव्हे. पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि ती घरून निघतानाच सुरू करा. गरम पाण्याने आंघोळ करून निघा, नुसतं तोंड धुऊन नको. पोहोचल्यावर पार्किंगपासून पाच मिनिटं झपझप चाला, श्वास किंचित वाढेल इतकं. मग एक टॉवेल घ्या, दोन्ही टोकं धरून डोक्यावरून मागे-पुढे न्या, आठ-दहा वेळा. नंतर क्लब खांद्यांवर आडवा ठेवा आणि कंबरेतून वळा, आधी अर्धं, मग पूर्ण. पायाच्या घोट्यांना विसरू नका, एका पायावर उभं राहून दुसरा पाय पेंडुलमसारखा हलवा. त्यानंतर सँड वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) हातात घ्या आणि अर्ध्या स्विंगने दहा बॉल मारा. मग 8 आयर्नचे पाच. सगळ्यात शेवटी ड्रायव्हरचे तीन, तेही ऐंशी टक्क्यांनी. ओढून धरून ठेवायचे ताण गार अंगाला देऊ नका, ते खेळ संपल्यावर करा. आणि राऊंड सुरू झाल्यावर पुढचा फोरबॉल (चौघांचा गट) हळू असेल, अजून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) असेल, तेव्हा बाकावर बसू नका. त्या दोन मिनिटांत अंग परत गार होतं. उभे राहा, खांदे हलवत राहा.

एवढं करूनही हवेचे आणि बॉलचे चार-पाच यार्ड राहतातच. त्यासाठी उपाय एकच: एक क्लब जास्त, म्हणजे एक आकडा कमी आणि जास्त लांब मारणारा, घ्या. 7 च्या जागी 6, आणि ग्रिप अर्धा इंच खाली धरा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, करत कुणी नाही. 6 हातात घेतला की मनात येतं, मे महिन्यात तर इथे 7 लागतो, आणि माणूस कमीपणा आल्यासारखा वागतो. दादा, तुम्ही कुणाला कमी पडलेले नाही. ग्रीन काय 7 नेच गाठायची असते असं नाही. जास्त क्लब आणि तीन-चतुर्थांश स्विंग, यात बॉल मधोमध लागायची शक्यता वाढते, फिरकी कमी होते, वाऱ्यात बॉल खाली राहतो. थंडीत टोकाला लागलेल्या आयर्नचा जो झणका कोपरापर्यंत जातो, तोही टळतो. तुमचं मनगट ठणकतंय, म्हणून आणखी एक सांगतो: शाफ्ट (क्लबचे दांडे) स्टीलचे असतील आणि पुढेमागे सेट बदलायचा विचार असेल तर ग्रॅफाइट बघा. हादरा बराच कमी पोहोचतो. नुसत्या थंडीसाठी मात्र सेट बदलू नका.

खारघरचं आता. सिडकोने बांधलेला हा कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे, आणि ही कूसच सकाळच्या थंडीचं कारण आहे. रात्री डोंगराचा उतार गार होतो, त्यावरची हवा जड होऊन खाली ओघळते आणि खोऱ्यात साचते. म्हणून वाशी-नेरूळला गाडीत बसताना ठीक वाटतं आणि खारघरला दार उघडलं की अंगावर काटा येतो. ऊन डोंगरावरून खाली उतरेपर्यंत ती हवा हलत नाही. आपल्याकडे थंडी कसली, असं म्हणणाऱ्यांना एक आकडा सांगतो: 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले होते. रोज तसं होत नाही, पण हिवाळ्यात आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे एकाच राऊंडमध्ये तुम्ही दोन ऋतूंत खेळता. पहिल्या होलला 6 आयर्न योग्य, आणि दहा वाजता त्याच अंतराला 7 योग्य. एक छोटी वही ठेवा, आणि अंतराच्या शेजारी वेळ लिहा. तीन आठवड्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल, आणि तो माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा खरा असेल.

खरं तर या वयात मी तुम्हाला सव्वासातची वेळच घेऊ देणार नाही. डिसेंबर-जानेवारीत साडेआठला सुरू करा. गरमीची भीती मे महिन्यात, आता काय घाई? पण पहाटेच खेळायचं ठरलं असेल तर दवाशी दोस्ती करावी लागेल.

दव म्हणजे अंतराचा दुसरा चोर. भिजलेल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) ड्रायव्हरने मारलेला बॉल पडला तिथेच थांबतो, घरंगळत नाही. दहा वाजता तोच फटका वीस पावलं पुढे जातो, कारण ऑक्टोबरनंतर पाऊस नसतो आणि खालची जमीन टणक असते. तेव्हा पहाटे अंतर मोजायचं ते हवेतलं. क्लबच्या तोंडावर पाणी असेल तर बॉल आणि खाचा यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो, वेजची फिरकी जाते, आणि बॉल ग्रीनवर पडून साबणासारखा पुढे सरकतो. दोन टॉवेल ठेवा. एक ओला होणार हे धरून चाला, दुसरा बॅगेच्या आत कोरडा. ग्लोव्हही दोन, आलटून पालटून. भिजलेला चामड्याचा ग्लोव्ह हीटरवर सुकवू नका, तो कडक होऊन तडकतो.

ग्रीनवर मात्र दव तुमच्या फायद्याचं आहे. सकाळी पहिला फोरबॉल असेल तर ग्रीन अख्खी रुपेरी असते. त्यावर पट मारला की बॉलमागे पाण्याचा बारीक फवारा उडतो आणि एक गडद हिरवी रेघ उमटते. ती रेघ नीट बघा. बॉल कुठे वळायला लागला, वेग कमी झाल्यावर शेवटच्या दोन फुटांत किती झुकला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी नवीन मुलांना पटिंग शिकवतो ते याच वेळी. तोंडाने शंभरदा सांगून कळत नाही की उतारावर बॉल शेवटी जास्त वळतो, ती रेघ एकदा दाखवली की कळतं. एका दहा वर्षांच्या मुलीने आपली रेघ वाकून बघितली आणि बोट फिरवून म्हणाली, सर, हा तर प्रश्नचिन्हासारखा गेला. तिला त्यानंतर ब्रेक (उतारावर बॉलचं वळणं) शब्द समजवावा लागला नाही. पट मात्र थोडा जोरात मारा, ओली ग्रीन हळू असते. थोड्या वेळाने माळी लांब बांबू फिरवत येतात, दव झाडतात, आणि त्याच ग्रीनचा वेग बदलतो. मागच्या फोरबॉलची ग्रीन तुमच्यापेक्षा वेगळी असते, हे विसरू नका.

नियमात एक बारकावा आहे, त्यात भले भले फसतात. टीच्या जागेवरचं दव तुम्ही पुसू शकता. पण फेअरवेवर बॉलमागचं किंवा ग्रीनवर पटच्या रेषेतलं दव पायाने, टॉवेलने, पटरने झाडून आपली स्थिती सुधारलीत तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात तेव्हा) दोन फटक्यांचा दंड आहे. दव आणि हिमदव हे पानाकाडीसारखे उचलण्याजोगे अडथळे मानत नाहीत. बर्फाचं वेगळं आहे, तो बाजूला सारता येतो किंवा तात्पुरतं पाणी समजून सूट घेता येते, पण तो प्रसंग तुमच्यावर दिल्लीत येणार नाही.

कपड्यांवर मी फार बोलणार नाही. एक जाड स्वेटर नको, तीन पातळ थर हवेत. आत अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा बनियन, वर नेहमीचा टी-शर्ट, त्यावर बिनबाह्यांचं जॅकेट. छाती आणि पाठ गरम राहते, हात मोकळे राहतात, आणि ऊन वर आलं की एकेक काढता येतं. दिल्लीत कान झाकणारी टोपी लागेल. दोन फटक्यांच्या मध्ये हातात जाड लोकरी मोजे घाला आणि मारायच्या आधी काढा. घोट-घोट प्यायला स्टीलच्या थर्मासमध्ये गरम पाणी किंवा आल्याचा चहा. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक चार तास कोरडे खेळतात आणि शेवटच्या होलांवर पायात गोळे येतात.

रक्तदाबाचं मात्र गंभीरपणे घ्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. त्यात पहाटेची वेळ आणि चढावर बॅग ओढणं. दिल्लीला जाण्याआधी डॉक्टरांना भेटा, सहा-सात अंशांत चार तास चालणार आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि गोळी खेळाच्या दिवशी चुकवू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, अचानक घाम आला तर खांदा आखडला असेल म्हणून पुढचा होल खेळू नका. तिथेच थांबा, सोबतच्यांना सांगा. आपल्याकडे 108 ला फोन करा, दिल्लीत 112 ला. फोन बॅगेत नको, खिशात ठेवा.

आता दिल्ली. तिथली जानेवारी आपल्यापेक्षा वेगळी असते ती फक्त पाऱ्याने नाही, धुक्याने आणि गवताने. धुक्यात शंभर यार्डांपलीकडचं दिसत नसेल तर मारू नका, पुढे कुणाच्या डोक्यात बॉल बसेल. गोल्फ क्लबवाले बहुतेक वेळा सुरुवातच पुढे ढकलतात. ज्या सकाळी गवतावर हिमदव गोठलेलं असेल त्या दिवशी ग्रीनवर कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पात्याच्या आतलं पाणी गोठलेलं असतं, पाय पडला की पेशी काचेसारख्या फुटतात, आणि दोन दिवसांनी तिथे पावलांचे काळपट ठसे उमटतात, ते कित्येक आठवडे जात नाहीत.

गवत कुठलं हे सांगितलं तर तुम्हाला गंमत वाटेल. आपल्या देशातल्या बहुतेक कोर्सवर असतं ते बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी किंवा तिचे जातभाई. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. तिला ऊब लागते. उत्तरेतल्या थंडीत ती झोपी जाते, रंग गव्हाळ होतो, वाढ थांबते. आपल्याकडे ती पूर्ण झोपत नाही, फक्त मंदावते. झोपलेल्या गवताखाली बॉल उचलून धरणारी गादी नसते. बॉल जवळजवळ मातीवर बसतो. तिथे सँड वेजने उंच चिप करायला गेलात की क्लबचा तळ आपटून वर उसळतो, बॉलच्या वरच्या भागाला लागतो आणि बॉल ग्रीनपार जातो. 8 किंवा 9 आयर्न घ्या, पट मारल्यासारखा हात चालवा आणि बॉल घरंगळत जाऊ द्या. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्सवर हिवाळ्यात फेअरवेवरून मारताना खाली छोटी चटई ठेवावी लागते, थंडीत न भरून येणारे डिव्हट (क्लबने उकरलेले खड्डे) टाळायला. आपल्याकडे चटई नाही, पण उकरलेला तुकडा जागेवर दाबा किंवा वाळू भरा, थंडीत ती जखम लवकर भरत नाही. बॉल हलवून ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लागू आहे का, हेही पहिल्या टीवर विचारून घ्या.

दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी कोर्सवर खेळायला मिळालं तर ड्रायव्हर जवळजवळ विसरा. जुन्या मकबऱ्यांच्या आसपास, दाट झुडपांमधून फेअरवे जातात, आणि थंडीत ताठ झालेल्या अंगाने उजवीकडे गेलेला बॉल त्या झुडपांतून परत येत नाही. 5 वुड किंवा हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा छोटे क्लब) घ्या, मागे राहा, पण मध्ये राहा. अंतराचा हिशेब खारघरच्या डिसेंबरच्या सकाळवर आणखी अर्धा क्लब जास्त धरा.

आणि मुलगा तुम्हाला दिल्लीहून शिमल्याकडे नेणार असेल तर हा सगळा हिशेब उलटा होतो. शिमल्याजवळचा नालदेहराचा कोर्स दोन हजार मीटरहून उंच आहे, काश्मीरमधलं गुलमर्ग साधारण 2,650 मीटर. उंचीवर हवाच विरळ असते, आणि ती विरळता थंडीच्या दाटपणापेक्षा खूप मोठी असते. गुलमर्गला उन्हाळ्याच्या गार सकाळी मी बोटं चोळत 7 आयर्न मारला आणि तो ग्रीनवरून उडत मागच्या उतारावर गेला. बॅग वाहणारा कॅडी काही बोलला नाही, फक्त पुढच्या होलला न मागता 8 काढून हातात दिला. हिवाळ्यात तिथे कोर्सवर बर्फ असतो, लोक स्कीइंग करतात. नालदेहराला मात्र हिवाळ्यातही कोरडी दुपार मिळू शकते. मिळाली तर क्लब जास्त नाही, कमी घ्या.

परत आल्यावर पहिला राऊंड खारघरला नऊनंतर ठेवा आणि वही सोबत असू द्या. दिल्लीत लागलेली 5 आयर्नची सवय इथे तुम्हाला ग्रीनच्या मागे नेईल. मनगट तोवर ठणकत राहिलं तर मात्र राऊंड नको, आधी दाखवून या, आणि नंतर एक सकाळ माझ्यासमोर नुसते सँड वेजचे अर्धे स्विंग मारा. नखांचा रंग मीच बघेन.